परक्या मुलखात गाडी चालवताना रस्ता कोणाला विचारायचा?

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

 

आपल्याकडे रस्ता चुकला तर आपण काय करतो? काच खाली करतो आणि विचारतो, "दादा, वाईला इकडूनच ना?" पानटपरीवाला असतो, रिक्षावाला असतो, एसटीची वाट बघणारे आजोबा असतात. कधी चुकीचं सांगतात, पण सांगतात. परदेशात गावाबाहेरच्या रस्त्यावर काच खाली केली तर बाहेर कोणी नसतं. अर्धा-अर्धा तास माणूस दिसत नाही. दिसला तरी त्याची भाषा आपल्याला येत नाही. म्हणून तिथे सगळी भिस्त यंत्रावर येते. आणि मग प्रश्न पडतो की यंत्र कोणतं घ्यायचं? फोन पुरेल का? गाडी भाड्याने देणारा "जीपीएस हवा का" असं विचारतो, त्याला हो म्हणायचं की नको म्हणायचं?

उत्तर द्यायच्या आधी मी स्वतःची फजिती सांगतो.

निळा ठिपका आणि राखाडी पडदा

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही इटलीत गाडी भाड्याने घेतली होती. मी, बायको, मुलगा आणि मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेली आई. कोमो सरोवर बघून कियावेन्नामार्गे स्वित्झर्लंडमध्ये शिरायचं आणि सेंट मॉरिट्झजवळच्या एका गावात मुक्काम करायचा, असा बेत होता. मिलानमध्ये एक सिमकार्ड घेतलं होतं. फोनवर रस्ता लावला, गाडी छान चालली होती.

कास्तासेन्याला सरहद्द ओलांडली. पुढच्या गावात थांबलो, थर्मासमधला चहा प्यायलो, फोटो काढले. तेवढ्यात मी फोनवरचं ते अॅप बंद केलं. परत गाडीत बसून चालू केलं, तर पडद्यावर एक निळा ठिपका आणि त्याच्याखाली नुसता राखाडी रंग. रस्ता नाही, गाव नाही, काही नाही. गाडी पुढे घेतली की ठिपका पुढे सरकायचा. म्हणजे फोनला माहीत होतं आपण कुठे आहोत. फक्त तिथे काय आहे ते माहीत नव्हतं.

झालं असं होतं, की युरोपियन युनियनमध्ये २०१७ सालापासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं. मी हे वाचलं होतं आणि निर्धास्त होतो. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही! आमच्या पॅकमध्ये तो देश नव्हता. सरहद्दीवर नेट बंद झालं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण आधी उतरवलेला रस्ता फोनमध्ये शिल्लक होता. अॅप बंद केल्यावर तोही गेला.

संध्याकाळ होत आली होती, पुढे मालोयाचा घाट, १,८१५ मीटर उंचीचा. आई विचारत होती, "पोचू ना रे वेळेत?" मी "हो हो" म्हणत होतो आणि मला स्वतःला काही माहीत नव्हतं. शेवटी दोन गोष्टींनी वाचवलं. एक, रस्त्यावरच्या निळ्या पाट्या. त्यांच्यावर सेंट मॉरिट्झ लिहिलं होतं, त्या धरून घाट चढलो. दुसरी, मुलाचा फोन. त्याने घरच्या वायफायवर, गंमत म्हणून, अख्ख्या स्वित्झर्लंडचा नकाशा उतरवून ठेवला होता. अंधार पडल्यावर गावात हॉटेलची गल्ली त्याने शोधली.

त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली, आणि आजचं सगळं व्याख्यान तिच्यावरच उभं आहे. "जीपीएस" म्हणून आपण जे एक यंत्र समजतो, त्यात तीन वेगळी कामं असतात. पहिलं, मी कुठे आहे हे सांगणं. दुसरं, इथे रस्ते कसे आहेत हे सांगणं, म्हणजे नकाशा. तिसरं, आज, या घटकेला, माझ्या गाडीला या रस्त्याने जाता येईल का हे सांगणं. ही तीन कामं तीन वेगळ्या ठिकाणांहून होतात आणि वेगवेगळ्या वेळी बंद पडतात. यंत्र निवडताना प्रत्येक कामाचा वेगळा विचार करायचा.

आकाशातून काय येतं?

पहिल्या कामाला इंटरनेट लागत नाही. पैसेही लागत नाहीत. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसेक जीपीएस उपग्रह फिरतात. ते तुम्हाला बघत नाहीत, तुमचा पाठलाग करत नाहीत. ते आकाशवाणीसारखे आहेत, सतत फक्त दोन गोष्टी सांगत असतात: "आत्ता इतके वाजले" आणि "मी इथे आहे". तुमच्या फोनपर्यंत तो संदेश यायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. असे निदान ४ उपग्रह ऐकू आले की तुमची जागा निघते. तीन नाही, चार; कारण फोनमधलं घड्याळ तेवढं अचूक नसतं, त्याची चूक काढायला चौथा लागतो.

आजच्या फोनमध्ये जीपीएसबरोबर युरोपची गॅलिलिओ, रशियाची ग्लोनास, चीनची बायडू या व्यवस्थाही ऐकू येतात. आपली 'नाविक' आहे, पण ती भारत आणि भारताभोवतीच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. युरोप-अमेरिकेत तिचा उपयोग नाही. त्यामुळे यंत्र घेताना "यात कोणते उपग्रह" यावर डोकं शिणवू नका. साधा फोनसुद्धा या कामाला पुरतो.

दोन अडचणी मात्र लक्षात ठेवा. पहिली म्हणजे सुरुवातीची. उपग्रह अतिशय सावकाश बोलतो, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला ३० सेकंद लागतात, आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. एरवी फोन ही माहिती नेटवरून झटकन आणतो. विमानातून उतरलात, नेट नाही, आणि गाडी तळघराच्या पार्किंगमध्ये आहे, तर फोन बराच वेळ चाचपडत राहील. गाडी मोकळ्या आकाशाखाली आणा आणि दोन-चार मिनिटं थांबा.

दुसरी अडचण बोगद्यांची. नॉर्वेतला लेर्दाल बोगदा २४.५ किलोमीटर लांब आहे, स्वित्झर्लंडचा गोटहार्ड जवळजवळ १७. आत उपग्रह ऐकू येत नाही. फोन अंदाजाने ठिपका पुढे ढकलतो. गाडीत बसवलेलं यंत्र इथे सरस ठरतं, कारण त्याला चाकांच्या फेऱ्या कळतात.

नकाशा कुठे ठेवलाय?

दुसरं काम नकाशाचं. इथेच खरी निवड आहे. विक्रेत्याला, मित्राला किंवा स्वतःला एकच प्रश्न विचारा: नेट गेलं तर नकाशा शिल्लक राहतो का? चार पर्याय आहेत.

पहिला, स्वतःचा फोन. बहुतेकांना हाच योग्य, पण नकाशे आधी उतरवून घेतलेत तरच. गुगल मॅपमध्ये ठरावीक भाग उतरवता येतो. नेट नसताना तो गाडीचा रस्ता दाखवतो, पण वाहतूक कोंडी सांगत नाही, दुसरे पर्यायी रस्ते दाखवत नाही, आणि पायी जायचा रस्ता तर मुळीच देत नाही. काही देशांत करारांमुळे नकाशा उतरवताच येत नाही, म्हणून घरीच तपासून बघा. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यांसारख्या अॅपमध्ये देशच्या देश उतरतो. त्यांचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅपचे असतात. हा प्रकल्प २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि जगभरचे हौशी लोक तो भरत असतात.

माझा सल्ला असा की दोन अॅप ठेवा आणि दोघांचे नकाशे वेगळ्या ठिकाणचे असू द्या. एकाच नकाशावर चालणारी दोन अॅप एकच चूक दोनदा करतील. आणि दोन्ही एकाच फोनमध्ये नकोत. विचार करा, त्या फोनमध्ये हॉटेलचं बुकिंग आहे, कॅमेरा आहे, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. दिवसभर काचेजवळ उन्हात तापलेला फोन अचानक बंद पडला, तर रस्ता, हॉटेल आणि पैसे तिन्ही एकदम जातात.

दुसरा पर्याय, भाड्याच्या गाडीत आधीच बसवलेलं यंत्र. पडदा मोठा, आवाज स्पष्ट, नकाशा गाडीतच साठवलेला. पण तो नकाशा किती जुना आहे हे देवाला ठाऊक. शिवाय बुकिंग करताना जी गाडी बघितली तीच मिळेल असं नसतं. "किंवा तत्सम" हे शब्द करारात असतात, आणि तत्सम गाडीत यंत्र नसू शकतं. मिळालं तर किल्ली घेतल्या घेतल्या, तिथेच उभं राहून, भाषा इंग्रजी करून घ्या. घाटात थांबून जर्मन मेनू वाचायची पाळी येऊ नये. आणि जाताना त्यातून आपले पत्ते आणि फोनची जोडणी पुसायला विसरू नका.

तिसरा, गार्मिन किंवा टॉमटॉमसारखं वेगळं यंत्र. नेट लागत नाही, उन्हात टिकतं, बॅटरीची चिंता नाही कारण ते गाडीच्या चार्जरवर चालतं. कोणत्या लेनमध्ये राहायचं हेही चांगलं दाखवतं. आपण डावीकडून चालवणारी माणसं. उजवीकडून चालवताना, सर्कलला उलट्या दिशेने वळसा घालताना, ही मदत मोलाची असते. पण विकत घेताना खोक्यावर कोणत्या खंडाचे नकाशे आहेत ते वाचा. भारताचा नकाशा असलेलं यंत्र फ्रान्समध्ये नुसता ठिपका दाखवेल, माझ्या फोनसारखा. भाड्याने घेत असाल तर रोजचं भाडं गुणिले दिवस असा हिशेब काउंटरवरच करा.

चौथा, कागदी नकाशा. हसू नका. तो रस्ता शोधण्यासाठी नसतो, अंदाजासाठी असतो. यंत्र पुढचं वळण दाखवतं. कागद अख्खा दिवस दाखवतो. घाट कुठे, सरहद्द कुठे, दोन गावांत अंतर किती. मालोयाच्या पायथ्याशी माझ्याकडे कागद असता, तर मला कळलं असतं की रस्ता एकच आहे, घाबरायचं कारण नाही.

यंत्राला काय कळत नाही?

आता तिसरं काम. इथे सगळी यंत्रं कमी-अधिक आंधळी आहेत, आणि सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

पहिली चूक लिहिण्याची. २०१६ साली आइसलँडमध्ये एक अमेरिकन पर्यटक विमानतळावरून राजधानी रेक्याविकला निघाला. अंतर सुमारे ५० किलोमीटर. हॉटेलचा रस्ता 'लौगावेगुर'. त्याच्या बुकिंगवर एक 'र' जास्त पडला होता, 'लौगारवेगुर'. त्याने तेच यंत्रात घातलं. त्या नावाचा रस्ता खरोखरच आहे, पण उत्तर टोकाला, सिग्लुफ्योर्दुर नावाच्या गावात. हिवाळ्यातल्या बर्फाळ रस्त्यावर जवळजवळ ४०० किलोमीटर जाऊन त्याने दार वाजवलं तेव्हा कळलं. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं. म्हणून पत्ता घातल्यावर "जा" दाबण्याआधी एकूण अंतर आणि वेळ बघा. पन्नासच्या जागी चारशे दिसले की थांबा. हॉटेलची जागा घरूनच नकाशावर खूण करून ठेवली तर आणखी बरं. जपानमध्ये तर गाडीतल्या यंत्रात हॉटेलचा फोन नंबर घातला तरी चालतो, आपल्याला लिपी न येण्याची अडचणच उरत नाही.

दुसरी चूक नकाशाची. २०१२च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी लोकांना जाहीर इशारा दिला होता. अॅपलच्या तेव्हाच्या नव्या नकाशात मिल्ड्युरा हे शहर सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलं होतं. तिथे पाणी नाही, तापमान ४६ अंशांपर्यंत जातं. काही लोक तिथे अडकले होते. कंपनीने नंतर नकाशा दुरुस्त केला. पण धडा असा, की निर्जन भागात पाणी, भरलेली टाकी आणि पाट्यांवर नजर, हे यंत्र चांगलं असलं तरी सोडायचं नाही.

तिसरी चूक परवानगीची, आणि आपली माणसं सगळ्यात जास्त इथे सापडतात. इटलीतल्या जुन्या शहरांत, फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळेत बंदी असते. तिला तिथे झेडटीएल म्हणतात. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा, बस्स. अडवणारा हवालदार नाही, दांडा नाही. तुम्ही आत जाता, कॅमेरा नंबर टिपतो. चुकून आत गेलात तरी दंड. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते. म्हणजे सहल विसरल्यावर दंड दारात येतो, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणारा वेगळे पैसे कापतो. यंत्र दर वेळी ही हद्द सांगेल या भरवशावर राहू नका. हॉटेल आत असेल तर आधी ईमेल करून विचारा. अनेक शहरांत हॉटेल पाहुण्यांच्या गाडीचा नंबर नोंदवून देतं. नाहीतर गाडी बाहेर लावा आणि चालत जा.

चौथी गंमत अशी की काही देशांत यंत्र जास्त शहाणं असणं हाच गुन्हा आहे! पुढे वेग मोजणारा कॅमेरा आहे अशी सूचना देणारी सोय फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये चालकाला वापरता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर यंत्र जप्त होऊ शकतं. आपल्याकडे ती सोय सर्रास चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करून निघा. आणि ब्रिटनमध्ये चालवताना फोन हातात धरला तर २०० पौंड दंड आहे. स्टँडवर लावलेला फोन चालतो, हातातला नाही. म्हणून एक मजबूत स्टँड आणि गाडीचा चार्जर भारतातूनच घेऊन जा.

आदल्या रात्री

शेवटी सगळ्याचं सार सांगतो. नेहमीच्या सहलीला मी हे नेतो: दोन माणसांच्या दोन फोनांत वेगवेगळे नकाशे, आधी उतरवलेले. भारताचं सिम जागेवर ठेवून जोडीला ई-सिम, म्हणजे ओटीपी येत राहतो. ई-सिम घेताना देशांची यादी एकेक करून वाचायची, "युरोप" या शब्दावर समाधान मानायचं नाही. काचेचा स्टँड, चार्जर, आणि घडीचा एक कागदी नकाशा. निर्जन भागात जायचं असेल किंवा महिनाभर फिरायचं असेल, तरच वेगळं यंत्र.

आणि आदल्या रात्री दहा मिनिटं. उद्याचा रस्ता पडद्यावर बोटाने पुढे सरकवत बघायचा. वाटेतली चार मोठी गावं आणि रस्त्याचे क्रमांक कागदावर लिहायचे. पाट्यांचे रंग बघून ठेवायचे: इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये मोटरवेची पाटी हिरवी, जर्मनी आणि फ्रान्समध्ये निळी. डोंगराळ भागात घाट उघडा आहे का ते तिथल्या रस्ते खात्याच्या साइटवर बघायचं. आइसलँडमध्ये तर एफ अक्षराने सुरू होणारे डोंगरी रस्ते फक्त फोर-बाय-फोर गाड्यांना, आणि उन्हाळ्याचे काही महिनेच खुले असतात. रस्ता नकाशात आहे म्हणजे तो आज उघडा आहे, असं नाही.

मी थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: गुगल मॅप जगात सगळीकडे चालतोच ना?

नाही. दक्षिण कोरिया बघा. नकाशाची सविस्तर माहिती देशाबाहेर नेण्यावर तिथे निर्बंध आहेत, त्यामुळे अनेक वर्षं गुगल मॅपवर गाडीसाठीचा रस्ता मिळालाच नाही. तिथे नेव्हर किंवा काकाओचे नकाशे लोक वापरतात. म्हणून देश ठरला की पहिला प्रश्न हाच: तिथली माणसं स्वतः काय वापरतात?

प्रश्न: सूचना मराठीतून लावाव्यात का?

अर्ध्या सेकंदात जी भाषा कळते ती लावा. पण परदेशी गावांची नावं कोणत्याही आवाजात विचित्रच ऐकू येतात. म्हणून नावाकडे लक्ष देण्यापेक्षा अंतर ऐका आणि रस्त्याचा क्रमांक पाटीशी ताडून बघा. आणखी एक, ब्रिटन-अमेरिकेत पाट्या मैलांत असतात. यंत्रही मैलांतच ठेवा, नाहीतर "पुढे ५०" वाचताना गोंधळ उडतो.

प्रश्न: नवरा चालवतो, मी शेजारी बसते. दर वळणाला आमचं भांडण होतं. कोणाचं ऐकायचं, यंत्राचं की माझं?

ताई, तुमचंच! पण काम वाटून घ्या. चालवणाऱ्याने पडद्याला हात लावायचा नाही, फक्त रस्ता आणि पाटी बघायची. शेजारच्याने वळणाच्या आधीच सांगायचं, नंतर नाही. आणि वळण चुकलं तर कोणीही कोणाला बोलायचं नाही, गाडी मागे घ्यायची नाही, पुढे जायचं. यंत्र नवा रस्ता काढतंच. दहा मिनिटं जातील, जाऊ देत. त्या दिवशी घाटात आमचीही बरीच वादावादी झाली होती. आई मागून म्हणाली, "पाटी वाचा आधी, भांडा नंतर." तेव्हा ती निळी पाटी दिसली.